लाइन गेली म्हणजे नक्की काय गेलं?

वऱ्हाडात ‘लाइन गेली’ म्हटलं की पहिला अर्थ वीज गेली. दुसरा अर्थ फोन मुका झाला. आणि गेल्या पंधरावीस वर्षांत तिसरा अर्थ येऊन चिकटला आहे: नेट गेलं. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळ मिलमधून टेलिफोनवाल्याला ‘भाऊ, लाइन गेली ना’ असा निरोप जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणती?’

त्या ‘कोणती’मध्ये धंद्याच्या टेलिफोनची अर्धी परिभाषा आली. कारण वीज बाजूला ठेवली तरी ‘लाइन’ हा एकच शब्द निदान पाच वेगळ्या वस्तूंना वापरला जातो. भिंतीतून आलेली तांब्याची जोडी ही लाइन. डिरेक्टरीतला नंबर ही लाइन. एका वेळी होऊ शकणारं एक बोलणं, म्हणजे चॅनल, हीही लाइन. मुनीमजींच्या टेबलावरचं एक्स्टेंशन ही लाइन आणि कॉम्प्युटरला येणारं नेट हीसुद्धा लाइनच. कोटेशनमध्ये मात्र या पाचांचे पैसे वेगवेगळे लागतात. ‘आम्हाला दहा लाइनी पाहिजेत’ म्हणणाऱ्या मालकाला बहुतेक वेळा हवी असतात दहा एक्स्टेंशनं आणि तीन लाइनी. कधीकधी एक नंबर आणि तीस चॅनल. हा घोळ नवा नाही. तारेइतकाच जुना आहे.

तार वऱ्हाडात आली ती कापसामागोमाग. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडच्या काळ्या मातीवर पडली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला तो जलंबहून कापसाच्या बाजारापर्यंत टाकलेल्या रेल्वेच्या फाट्याच्या उद्घाटनाला. त्याच वर्षी मुंबई ते इंग्लंड ही समुद्राखालची तारही पुरी झाली. लिव्हरपुलात ठरणारा भाव आता जहाजाची वाट न पाहता इकडे पोचू लागला. दीडशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात ही डेटाची लाइनच होती. तिच्यावरून आवाज जात नव्हता, जात होते आकडे. घरोघरी मात्र ‘तार आली’ याचा अर्थ कोणीतरी गेलं असाच घेत. ही तारसेवा १४ जुलै २०१३ला शेवटचे संदेश घेऊन बंद झाली.

तारेनंतर ट्रंक. ट्रंक म्हणजे झाडाचं खोड. दोन एक्स्चेंजांमधली जाड, सामाईक वाट. अमरावतीहून मुंबईला बोलायचं तर कॉल ‘बुक’ करायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, चढत्या दराने पैसे मोजायचे आणि फोनजवळ बसून राहायचं. ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलायचं असेल तर ‘पीपी कॉल’. ग्राहकाने ऑपरेटरशिवाय स्वतः ट्रंक फिरवणं म्हणजे सब्स्क्रायबर ट्रंक डायलिंग, अर्थात एसटीडी. भारतात ही सोय पहिल्यांदा १९६० साली कानपूर–लखनौ अशी सुरू झाली. पुढे पिवळ्या पाट्यांच्या बूथनी या तीन अक्षरांना गल्लीगल्लीत नेलं, तेव्हा त्यातलं ‘टी’ ट्रंकचं आहे हे कोणाला सांगायची गरज उरली नव्हती. शब्द मात्र मेला नाही. आज इंटरनेटवरून येणाऱ्या टेलिफोन जोडणीला ‘सिप ट्रंक’च म्हणतात, खोड तेच, फांद्या बदलल्या.

एसटीडी कोडविषयी जाताजाता एक गंमत. अमरावतीचा ०७२१, अकोल्याचा ०७२४, नागपूरचा ०७१२. मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, नाशिकचा ०२५३. ‘०७’ हे घराणं विदर्भाला मिळालं ते भोपाळच्या ०७५५, इंदूरच्या ०७३१ आणि रायपूरच्या ०७७१ यांच्या पंगतीत. राज्याचा नकाशा १९५६ला आणि मग १९६०ला बदलला, पण डायलच्या नकाशात वऱ्हाड अजून जुन्या मध्यप्रांताच्या शेजारी बसलेलं दिसतं.

आता भिंतीतल्या जोडीकडे. टेलिफोनची मूळ लाइन म्हणजे तांब्याच्या दोन तारा. त्या दुकानातून खांबावरच्या डबीत जातात. या डबीला लाइनमन ‘डीपी’ म्हणतात. विजेच्या खात्यातली डीपी वेगळी, तिच्याजवळ जाऊ नये. तिथून रस्त्याच्या कडेच्या लोखंडी पेटीत, म्हणजे ‘पिलर’मध्ये, आणि जमिनीखालच्या केबलमधून एक्स्चेंजच्या ‘एमडीएफ’वर. ही एमडीएफ म्हणजे भिंतभर उभी चौकट. बाहेरून आलेली प्रत्येक जोडी तिच्या एका अंगाला आणि यंत्राचा प्रत्येक पोर्ट दुसऱ्या अंगाला. मधली सांधणी केली की दुकानाला नंबर मिळाला. म्हणजे नंबर तारेत नसतो, सांध्यात असतो. जागा बदलली तरी नंबर कायम कसा राहतो, या प्रश्नाचं जुन्या जमान्यातलं उत्तर तिथे होतं. तार खटकन बसवायच्या पट्टीला क्रोन म्हणतात. ते मूळ एका जर्मन कंपनीचं नाव, पण आपल्याकडे त्याचं क्रियापदही झालं: ‘क्रोन मारून दे.’

या जोडीवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्टचा पुरवठा कायम असतो. रिसीव्हर उचलला की वर्तुळ पुरं होतं, प्रवाह वाहतो, एक्स्चेंजला कळतं आणि ‘डायल टोन’ येतो. घंटीसाठी मात्र वेगळा आणि बराच चढा एसी दाब सोडावा लागतो. उघड्या टोकांना हात लावून काम करताना नेमका फोन आला तर जो झटका बसतो तो त्याचाच.

एकाच जोडीवर दोन फोन लावले तर ते ‘पॅरलल’. घरोघरी हेच असे: पुढच्या खोलीत एक, आत एक. पण पॅरलल म्हणजे एक्स्टेंशन नव्हे, आणि दुकानात ही गल्लत महाग पडते. पॅरललवर दोन्हीकडे एकच बोलणं ऐकू येतं. मालक भाव ठरवत असताना आतल्या खोलीतल्या कोणीही रिसीव्हर उचलावा आणि ऐकावं. शिवाय एका फोनवरून दुसऱ्याला हाक मारता येत नाही. यासाठी मध्ये एक छोटं एक्स्चेंज लागतं. त्याचं नाव लांबलचक आहे: इलेक्ट्रॉनिक प्रायव्हेट ऑटोमॅटिक ब्रँच एक्स्चेंज, ईपीएबीएक्स. बाजारात कोणी एवढं म्हणत नाही. ‘इंटरकॉमची मशीन’ म्हणतात.

त्यातल्या ‘ऑटोमॅटिक’ला एक किस्सा चिकटलेला आहे. ऑपरेटरशिवाय कॉल जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९१ साली अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रॉजर नावाच्या माणसाने घेतलं. तो अंत्यविधीचा व्यवसाय करी. गावातली ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि ती त्याची गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून त्याने हे यंत्र काढलं असं सांगतात. त्याच्या तत्त्वावरची ‘खटखट’ करणारी एक्स्चेंजं भारतात कित्येक दशकं चालली. १९८४ला सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकारातून गावखेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं डिजिटल एक्स्चेंज तयार झालं. त्याचा मोठा गुण असा की त्याला वातानुकूलन लागत नसे. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या मुलखात हा गुण तांत्रिक माहितीपत्रकातल्या सगळ्या ओळींहून वरचा.

इंटरकॉमची मशीन घेताना ‘तीन-आठ’, ‘चार-सोळा’ अशी जोडी बोलली जाते. पहिला आकडा बाहेरून येणाऱ्या लाइनींचा, दुसरा आतल्या एक्स्टेंशनांचा. बाहेरची लाइन ज्या भोकात खोचायची तो एफएक्सओ पोर्ट. आतला फोन जिथे लावायचा तो एफएक्सएस. एफएक्सएस डायल टोन आणि घंटी देतो, एफएक्सओ ती घेतो. हे उलटसुलट लावलं की फोन मुका. बाहेरची लाइन हवी तर शून्य किंवा नऊ फिरवा, कोणत्या एक्स्टेंशनवरून एसटीडी लागेल ते ‘बारिंग’ने ठरवा, फोन आल्यावर माणसाऐवजी ध्वनिमुद्रित आवाज बोलावा यासाठी ‘ऑटो अटेंडंट’. त्यालाच फाटे फुटत गेले की आयव्हीआर, म्हणजे ‘मराठीसाठी एक दाबा’. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. जानेवारी २००४मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर टोल-फ्री, म्हणजे पैसे फोन घेणारा भरतो. आणि आलेला फोन मोकळ्या असलेल्या सल्लागाराकडे आपोआप वळवणारी यंत्रणा म्हणजे एसीडी. बोंडअळीचा प्रश्न विचारणाऱ्याला या तीन अक्षरांशी घेणंदेणं नाही. मोकळा माणूस मिळतो की ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकू येतं, एवढाच त्याचा हिशेब.

पण खरी मेख आहे ती लाइनी किती घ्यायच्या इथे. अमरावतीत नांदगाव पेठेच्या बाजूला बिझीलँड, सिटीलँडसारखे कापडाचे घाऊक बाजार उभे राहिले आहेत. समजा तिथल्या एका पेढीवर सीझनमध्ये तासाला ४० फोन येतात, प्रत्येक सरासरी तीन मिनिटांचा. म्हणजे तासात १२० मिनिटं बोलणं. साध्या भागाकाराने दोन लाइनी सतत व्यग्र. मालक म्हणतो, मग दोन लाइनी पुरे. इथे डेन्मार्कचा गणिती एर्लांग आडवा येतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या या माणसाने १९०९पासून हाच प्रश्न सोडवला, आणि बोलण्याच्या भाराचं एकक आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. या पेढीवरचा भार दोन एर्लांग. गिऱ्हाइकं रांग लावून फोन करत नाहीत, एकदम करतात. म्हणून दोन लाइनींवर शंभरातल्या ४० जणांना ‘एंगेज’ टोन मिळेल. तीन घेतल्या तर २१ जणांना. चारवर साडेनऊ, पाचवर चारपेक्षाही कमी. दोनावरून पाचावर जाताना भाडं अडीचपट होतं आणि परत जाणारं गिऱ्हाईक दहावा हिस्सा राहतं. हे गणित कोटेशनच्या कागदावर सहसा नसतं. ते तिथे असायला हवं.

पाच लाइनी घेतल्या तर पाच नंबर छापायचे का? नाही. एकच नंबर छापायचा. तो व्यग्र असेल तर फोन आपोआप पुढच्या लाइनीवर सरकतो. याला ‘हंटिंग’ म्हणतात आणि छापलेल्या नंबराला पायलट नंबर. हुशार मशीनवाला बाहेर जाणारे फोन उलट्या टोकाने, पाचव्या लाइनीपासून सोडतो, म्हणजे पायलट शक्यतो मोकळा राहतो.

लाइनींची संख्या वाढत गेली की तांब्याच्या जोड्यांचा गुंता परवडत नाही. मग येते पीआरआय. ही समजायला थोडं अंकगणित पुरतं. आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाते. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४ हजार बिट. एक बोलणं म्हणजे ६४ केबीपीएस. असे ३२ कप्पे एकापाठोपाठ एक मांडले की २,०४८ केबीपीएस. याचं नाव ई-वन. त्यातला एक कप्पा ताल जुळवण्यासाठी, एक कोणाचा फोन कोणाला हे सांगण्यासाठी, उरले तीस. म्हणून पीआरआय म्हणजे तीस चॅनल. अमेरिकेत हाच हिशेब तेवीसचा आहे. या एका जोडणीवर शंभर नंबरही घेता येतात, प्रत्येक नंबर थेट एका टेबलावर वाजतो. याला डीआयडी म्हणतात. विद्यापीठ, मोठं हॉस्पिटल, बँकेचं विभागीय कार्यालय अशा ठिकाणी हे सोयीचं. म्हणजे नंबर शंभर, चॅनल तीस, जोडणी एक. ‘लाइनी किती?’ या प्रश्नाला इथे तीन खरी उत्तरं आहेत.

डेटाची गोष्ट निराळ्या वाटेने आली. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. लहान शहरांत ते पोचलं तेव्हा मॉडेमच्या किंकाळीने पोचलं. मॉडेमचं काम बिटांना आवाजाच्या रूपात टेलिफोनच्या जोडीवर ढकलणं आणि दुसऱ्या टोकाला परत बिट करणं. कमाल वेग ५६ केबीपीएस, आणि तेवढा वेळ फोन बंद. फॅक्सही त्याच जातीचा. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलने एडीएसएल तंत्राचं ब्रॉडबँड आणलं. एकाच जोडीवर खालच्या पट्टीत आवाज, वरच्या पट्टीत डेटा, आणि दोघांना वेगळं करणारी डबी म्हणजे स्प्लिटर. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्याही सरकत गेली: २००४ला २५६ केबीपीएस, २०१३ला ५१२, २०२३ला २ एमबीपीएस.

वेगाच्या बाबतीत अजूनही दोन गोष्टींत फसगत होते. पहिली बिट आणि बाइटची. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरते ती मेगाबाइटमध्ये, म्हणजे साडेबाराच. दुसरी ‘वन इज टू वन’ची. साध्या ब्रॉडबँडमध्ये एकच क्षमता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेली असते. लीज्ड लाइनमध्ये सांगितलेला वेग तुमच्या एकट्याचा, जातानाही आणि येतानाही, शिवाय बिघाड किती तासांत दुरुस्त होईल याचा लेखी करार. दोन्हींच्या दरात जमीनअस्मानाचा फरक आहे तो यामुळे. वायर एकसारखीच दिसते म्हणून ‘ते लुटतात’ असा समज होतो, तो खरा नव्हे. बाहेरगावच्या शाखेतून हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा गोदामातले कॅमेरे पाहायचे असतील तर ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे न बदलणारा पत्ता लागतो, हेही अनेकांना कॅमेरे बसवून झाल्यावर कळतं.

वेगाइतकाच महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा शब्द ‘लेटन्सी’: निरोप पोचायला लागणारा वेळ. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४पासून देशभरच्या दलालांच्या गच्चीवर व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या, छत्र्या नेल्या. त्यामुळे दलाल स्ट्रीट न पाहिलेल्या शहरांतूनही सौदे होऊ लागले. पण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. सौद्याला चालतं, बोलण्यात एकमेकांचे शब्द आदळतात. उलट फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अकोल्याहून सहाशेच्या आसपास किलोमीटरवरच्या मुंबईला तीनेक हजारांश सेकंद. वाटेतले राउटर धरूनही हा वेळ जाणवत नाही.

म्हणूनच आवाज आता डेटावर स्वार झाला आहे. व्हॉइप म्हणजे आवाजाचे तुकडे, पाकिटांत घालून पाठवलेले. सिप ही त्यांची बोलणी सुरू आणि बंद करण्याची रीत. तुकडे मागेपुढे पोचले तर ‘जिटर’, हरवले तर ‘पॅकेट लॉस’. कानाला दोन्ही ‘आवाज कटतोय’ असेच लागतात. आवाज किती दाबायचा हे ‘कोडेक’ ठरवतो. जी.७११मध्ये तोच जुना ६४ केबीपीएस, पाकिटांच्या कागदासकट ८५च्या आसपास. जी.७२९ तो आठावर आणतो. माणसाला चालतं, फॅक्सच्या शिट्ट्या मात्र त्यात चेपल्या जातात. नवी आयपी यंत्रणा बसवल्यावर वकिलाच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या फॅक्सने मान टाकली तर बहुधा कारण हेच असतं. नोव्हेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने कॉल सेंटरसारख्या सेवांवरची नोंदणीची अट काढली आणि घरी बसून एक्स्टेंशन उचलणं कायद्याच्या चौकटीत सोपं झालं. त्यामुळे मशीन नागपूरच्या किंवा मुंबईच्या सर्व्हरवर, नंबर ०७२४चा आणि उचलणारा मूर्तिजापुरात, हे शक्य झालं. परवान्याशिवाय नेटवरचे परदेशी कॉल सिमकार्डांतून सोडणं हा मात्र आजही गुन्हाच. ‘सिम बॉक्स’ पकडल्याच्या बातम्या येतात त्या याच्या.

हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी. मेळघाटात चित्र वेगळं. धारणी तालुक्यातलं हरिसाल हे २०१६मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी त्याच दाव्यावर प्रश्न उभा करणारे व्हिडिओ सभांतून दाखवले आणि गाव देशभर चर्चेत आलं. राजकारण वगळलं तरी त्यातून एक तांत्रिक शब्द नीट कळतो: ‘लास्ट माइल’, शेवटचा टप्पा. कणा कितीही जाड असो, डोंगर आणि जंगल ओलांडून शेवटचे काही किलोमीटर कोण आणि कशाने जोडतो, आणि एकदा जोडल्यावर दुरुस्तीला कोण येतो, यावर सगळं अडतं. वायरलेससाठी दोन टोकांची नजरानजर लागते, सातपुड्यात ती सहज होत नाही. वीज तर त्याआधीचा प्रश्न.

आणि विजेवरून पुन्हा तीच लाइन. तांब्याच्या जोडीला वीज एक्स्चेंजची बॅटरी देत होती. गावात अंधार असला तरी काळा फोन वाजायचा. आता दुकानात फायबर येतं. फायबर काच आहे, तीतून वीज जात नाही. भिंतीवरची ओएनटी नावाची डबी दुकानाच्याच प्लगवर चालते. तिच्यामागचा राउटर, फोनना वीज पुरवणारा पीओई स्विच आणि आयपी फोनही. म्हणजे पूर्वी वेगवेगळ्या अर्थांनी जाणाऱ्या तिन्ही लाइनी आता एकदमच जातात. त्यामुळे अलीकडे जुने मशीनवाले अंदाजपत्रकात पहिली ओळ लिहितात ती एक्स्टेंशनची नसते. ओएनटी आणि राउटरसाठी छोटा यूपीएस, आणि पावसाळ्यातल्या विजांपासून कार्ड जळू नये म्हणून स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. मालक विचारतो, टेलिफोनच्या कोटेशनात मीठ कशाला?